सगळं धरून तीन लाख वीस हजार

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. जळगाव

आकडा ठरला. तीन लाख वीस हजार, सगळं धरून. 'सगळं धरून' वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि ह्यांना दाखवलं, कारण ह्यांच्या हिशेबात गाडीची किंमत म्हणजे नुसती गाडीची किंमत. विमा, ट्रान्सफर, टायर, पहिली सर्व्हिस, नारळ-पेढे हे सारं 'होऊन जाईल' या खात्यात. मी पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. 'होऊन जाईल' म्हणून सही करणारी माणसं पुढे वसुलीच्या यादीत भेटतात, तेव्हा ती माझ्याकडे बघत नाहीत.

दोन लाख साठ हजार हाताशी आहेत. माझी भिशी, ह्यांच्या झेरॉक्सच्या दुकानाची शिल्लक, मुदत संपलेली एक ठेव. वरचे साठ हजार माझं स्टाफ लोन. त्यापुढे एक रुपया कर्ज नाही, हे जेवताना सगळ्यांकडून वदवून घेतलं. सासूबाईंनी एकच विचारलं, "पुढच्या सीटवरून उतरताना गुडघा दुमडावा लागंल का?"

४ ऑगस्ट, सोमवार. धुळ्याहून परत

काल देवपूरला मोठ्या भाऊजींच्या घरी कानबाई बसल्या, आज पांझरेवर विसर्जन. भाऊबंदकी सगळी एका छताखाली. रोट खाता खाता गाडीचा विषय निघाला आणि मग कानबाईच्या गाण्यांपेक्षा त्याचाच गजर जास्त झाला. भाऊजी म्हणाले ईको घ्या, सगळं खटलं मावतं. पुतण्याला सनरूफ पाहिजे. म्हटलं, जळगावच्या मे महिन्यात छत उघडून काय भाजायचं? एका चुलत दिरांचा डिझेलवर ठाम विश्वास. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, आणि महिन्याला चार-पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला जादा देखभालीचं डिझेल कशाला, असं मी म्हणाले. "तुम्हाला काय कळतं वहिनी," हे ते बोलले नाहीत, पण मान वळवून ह्यांच्याशी बोलायला लागले.

येताना एसटीला मरणाची गर्दी. सासूबाईंना पायरी चढवायला कंडक्टरने हात दिला. पारोळ्यापर्यंत मी उभी.

रात्री हिशेब मांडला. सासूबाई पंचाहत्तरीपुढच्या, म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून त्यांना एसटी फुकट. मला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पूर्ण तिकीट काय ते ह्यांचं. उलट गाडीने धुळ्याला जाऊन यायचं तर एकशे नव्वदच्या आसपास किलोमीटर, लिटरला अठरा धरले तर साडेदहा लिटर, आणि पेट्रोल एकशे चार-पाच रुपये. हजार-अकराशे तिथेच गेले, वर सबगव्हाणचा टोल. खर्चात एसटीला हरवील अशी गाडी अजून कुणी बनवलेली नाही. बचतीसाठी गाडी घेतोय असं आपल्या घरात कुणीही कुणाला सांगू नये. गाडी घ्यायची ती गुडघ्यासाठी, उन्हासाठी आणि रात्री अकराला दवाखाना गाठायची वेळ आली तर त्यासाठी. त्याला पैसे पडतात. पडू देत, पण किती ते आधी माहीत असावं.

१० ऑगस्ट, रविवार

आज नुसतं वाचन आणि फोन. एक रेघ सापडली, तीच आता धरून बसणार आहे: १ जुलै २०१९.

त्या तारखेपासून बनणाऱ्या प्रत्येक कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोघांना पट्ट्याची आठवण देणारी घंटा, वेग वाढला की टुणटुण आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून सर्व नव्या गाड्यांना. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाडीला ती आता बसवून घ्यावी लागते, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. पैसे फार नाहीत, पण मुदती वाढत चालल्यात आणि तारखा मिळवत बसा. तेव्हा २०१९ च्या उत्तरार्धाच्या आधीची गाडी बघायचीच नाही. हे म्हणाले, "२०१६ ची दीड-पावणेदोन लाखांत मिळते." मिळते. पुढे बसणार सासूबाई, चालवणार आपण, आणि एअरबॅग एकही नसेल तर त्या वाचलेल्या लाखाचं मी काय करू?

सीएनजीचाही निकाल लावला. पैसे वाचतात, नाही असं नाही. पण सिलिंडर डिकी खातो, आणि आमची गाडी धुळ्याहून येताना गहू, दादर, तुरीची डाळ, पापड-कुरडयांचे डबे घेऊन येणार. पंपावरची रांग वेगळी. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढवलेलं पाहिजे, सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी. इतक्या थोड्या धावण्यात त्या किटचे पैसे वसूल व्हायला सासूबाईंची शंभरी उजाडेल.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाहून आले तर टीव्हीवर लाल किल्ला. पंतप्रधान म्हणाले, दिवाळीपर्यंत जीएसटीत मोठे बदल. दुपारी शोरूममधल्या मुलाचा ह्यांना फोन, "सर, थांबू नका, आताच बुक करा, नंतर वेटिंग लागेल." चौकशीला गेले होते मी, वहीत लिहून घेतलं मी, नंबर मात्र ह्यांचा जपून ठेवलेला. स्पीकरवर टाकून मीच विचारलं, "कर कमी झाला तर फरक परत देणार का? लेखी?" तो म्हणाला, साहेबांशी बोलून सांगतो.

छोट्या गाडीवर आज अठ्ठावीस टक्के जीएसटी, वर थोडा उपकर. तो अठरावर आला तर नवी स्वस्त होईल आणि नवी स्वस्त झाली की जुनीला कोण विचारतो? म्हणजे जुनी घेणाऱ्यानेही आत्ता थांबायचं. ज्याला विकायची घाई आहे त्याला हे कळायला थोडे दिवस लागतील. टेबलाच्या या बाजूला बसायला मला आवडायला लागलंय.

आजपासून फास्टॅगचा वार्षिक पासही निघाला: तीन हजारांत राष्ट्रीय महामार्गावर वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल ते. रोज धुळे-जळगाव करणाऱ्या प्राध्यापकांना सोन्यासारखा. आम्हाला नको.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

एरंडोल तालुक्यात मामेसासऱ्यांकडे. बैलांच्या पूजेनंतर खळ्यात त्यांची जुनी नॅनो दिसली, पिवळी, पुढचे टायर बसलेले, आत शेतीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या. जानेवारी २००८ मध्ये रतन टाटांनी एक लाखाची गाडी दाखवली तेव्हा या घरात केवढी चर्चा झाली होती म्हणे. स्कूटरवर बायको, दोन पोरं घेऊन पावसात जाणाऱ्या माणसासाठी ती गाडी. विचार इतका रास्त होता! सिंगूरहून कारखाना साणंदला गेला, गाडी आली, आणि लोकांनी तिला 'सगळ्यात स्वस्त' म्हणूनच ओळखलं. इथेच घोडं अडलं. आपल्याकडे स्वस्त गाडी पाहिजे असते, पण भाऊबंदांना ती स्वस्त दिसायला नको असते. मामा म्हणाले, "चांगली होती गं. डोंगरापर्यंत न्यायचो. पण लग्नात नेली की पोरं हसायची." पोरं हसायची म्हणून ती खळ्यात.

त्याच्या आधीची पायरी मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची चावी इंदिरा गांधींनी दिली, ती गाडी तीस वर्षं चालली. तिला कुणी हसलं नाही, कारण तेव्हा दारात चारचाकी असणं हीच मोठी गोष्ट होती. भाव आणि मान यांचं गणित ज्याने सोडवलं त्याने गाडी खपवली. आम्हाला ते गणित सोडवायचं नाही, पण लग्नसराईत त्याचा त्रास होणार हे धरून चालते. चुलत दीर आहेतच.

३१ ऑगस्ट, रविवार

अजिंठा चौफुलीकडे मिस्तरींना घेऊन गेले. ह्यांच्या दुकानाशेजारच्या गॅरेजातले, वय साठीकडे, बोलणं कमी. गाडी तपासायचे पाचशे घेतात, आणि घ्यावेतच. फुकट तपासणारा मिस्तरी गाडीवाल्याकडून घेतो.

पहिली गाडी सुरतेची. जीजे-०५ पासिंग, पांढरी, बाहेरून चकाचक, आणि भाव इकडच्यापेक्षा चाळीस हजारांनी कमी. खान्देशातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी उधन्याला किंवा लिंबायतला असतं, तेव्हा सुरतेच्या गाड्या इथे येणारच. "घरातलीच समजा," दलाल म्हणाला. मिस्तरींनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी ड्रायव्हरचा पट्टा पूर्ण ओढून बाहेर काढला, पार मुळापर्यंत. शेवटच्या वीतभर भागात मातकट पट्टा. मग सीट मागे सारून खालची रूळपट्टी दाखवली, गंजलेली. कार्पेटचा कोपरा उचलला, बोटाला गाळ. "चला ताई." मला वाटलं दलाल भांडेल, तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पाण्यात उभी राहिलेली नसती तरी नको होती. दुसऱ्या राज्यातली गाडी म्हणजे तिकडची एनओसी, इकडे वयाप्रमाणे पुन्हा कर, आणि तिकडचा राहिलेला कर परत मिळवायला सुरतेच्या चकरा. त्या चाळीस हजारांतले किती उरतील ते दलाल सांगत नाही.

दुसरी जळगावची, एमएच-१९, 'डॉक्टरची गाडी'. या बाजारात प्रत्येक तिसरी गाडी डॉक्टरची असते. एवढे डॉक्टर जळगावात असते तर सासूबाईंच्या गुडघ्याला नंबर लावावा लागला नसता. मीटरवर अडतीस हजार. मिस्तरींनी काय काय पाहिलं ते लिहून ठेवते, पुन्हा लागेल. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इथे चारही टायर २०२४ चे. अडतीस हजारांवर पहिले टायर गेलेले? क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत. चारही काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा जुळतात का ते पाहिलं. डावी मागची काच दुसऱ्या सालाची, आणि तिच्याखालच्या दाराचा रंग तिरक्या उन्हात किंचित वेगळा. बॉनेट उघडून पुढच्या बोल्टांच्या डोक्यावर पान्याच्या खुणा. ऑइलचं झाकण उघडून आतून बघितलं. तिथे दुधाळ साय धरली असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. ते मात्र स्वच्छ होतं. थंड इंजिन सुरू करायला लावलं, गरम करून ठेवलेलं चालत नाही म्हणाले. धूर निळा नाही. शेवटी एसी लावून गाडी एका जागी दहा मिनिटं उभी केली. पळत्या गाडीत कुठलाही एसी गार वाटतो. आमच्याकडे मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, सिग्नलला उभी असताना गार पडली तर खरी. नाही पडली.

"मीटर मागे केलंय, आणि डावीकडून ठोकलीय," मिस्तरी गाडीत बसल्यावर म्हणाले. "ठोकलेली वाईट नसते ताई. लपवलेली वाईट." भरताचं वांगं आपण देठ बघून घेतो, रंग बघून नाही, त्यांचं तसंच आहे.

वाटेत ई-२० पेट्रोलचं विचारलं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत आणि पंपावर आता दुसरं मिळत नाही. ते म्हणाले, पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसला बघत जा, मायलेज थोडं कमी धरा. त्यापलीकडे त्यांनी घाबरवलं नाही, म्हणून मीही घाबरणार नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेने ठरवलं. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी अठरा टक्क्यांत, उपकर गेला. २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेलाच. ऑफिसात चहाला दुसरा विषय नाही. ज्यांनी जुलैत गाडी घेतली ते गप्प.

७ सप्टेंबर, रविवार

आज भाद्रपद पौर्णिमा, उद्यापासून पितृपक्ष. सासूबाई म्हणाल्या, सर्वपित्री अमावस्येपर्यंत गाडीचं नाव काढायचं नाही. म्हटलं, घ्यायची नाहीच. बघायला काय हरकत? त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "बघ. पण पैसे देऊ नको." इसार देऊ नको म्हणजे घासाघीस कर असाच मी त्याचा अर्थ लावला. विकणाऱ्याच्या दारात या पंधरवड्यात कुणी फिरकत नाही आणि बावीस तारखेची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर. गिऱ्हाइकाला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

१४ सप्टेंबर, रविवार. धुळे

गाडी दिसली. वॅगनआर, ऑक्टोबर २०१९, एक लिटरचं इंजिन, एमएच-१८, एकच मालक. निवृत्त गृहस्थ, वाडीभोकर रोडकडे राहतात. घरात स्वच्छ अहिराणी. "गाडी चांगली शे, बहीन. पोऱ्या पुनाले ऱ्हास, आते कोन चालाडस?" त्यांच्या सौंनी मला वही काढताना बघून विचारलं, "तू मास्तरीन शे का?"

सासूबाईंना मुद्दाम नेलं होतं. मागच्या आठवड्यात एक टियागो दाखवली होती. ती क्रॅश टेस्टमध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळवलेली, म्हणून माझा जीव तिच्यावर. पण सीट खाली, आणि सासूबाईंना उतरताना दोघांनी धरावं लागलं. वॅगनआर उंच. दार उघडलं, त्या खुर्चीवर बसाव्यात तशा बसल्या आणि कुणाचा हात न धरता उतरल्या. हिला २०१९ च्या त्याच चाचणीत तारे दोन. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण जी गाडी घेऊन सासूबाई आत बसूच शकणार नाहीत, तिच्या ताऱ्यांचा उपयोग काय? तेव्हा दोन अटी मी स्वतःला घातल्या. 'ओ' लिहिलेलं मॉडेल पाहिजे, ज्यात पुढच्या दोघांनाही एअरबॅग आहे, कारण त्या सालच्या साध्या मॉडेलला डावीकडची नव्हती. आणि पट्टा मागच्यांनीही लावायचा, देवपुरातल्या देवपुरात जायचं असलं तरी. ही 'ओ' आहे. आरसीवर तपासलं.

मीटरवर एकसष्ट हजार. सहा वर्षांत वर्षाला दहा, पटण्यासारखं. टायर पुढचे दोन मूळचे, झिजलेले. सर्व्हिसची सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेवार, किलोमीटरसकट. ती पिशवी बघून मला गाडीपेक्षा माणूस आवडला. ऑगस्टमध्ये तीन लाख चाळीस मागत होते, आज तीन दहावर आलेत. मी म्हटलं, बावीस तारखेनंतर बोलू. ते हसले. त्यांनाही पेपर वाचता येतो.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

संध्याकाळी शोरूम. मांडव घालावा तशी गर्दी. नवे आकडे भिंतीवर: एस-प्रेसो ३,४९,९०० पासून, अल्टो के-१० ३,६९,९०० पासून, वॅगनआर ४,९८,९०० पासून. ह्यांचे डोळे चमकले. "अगं, पावणेचार लाखांत कोरी करकरीत!"

बसून कोटेशन काढायला लावलं. अल्टोचं सगळ्यात खालचं मॉडेल घेतलं तरी महाराष्ट्राचा रोड टॅक्स दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के, म्हणजे चाळीस हजारांच्या वर. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा, हजार सीसीपर्यंत ६,५२१, शिवाय स्वतःच्या नुकसानीचा विमा. नोंदणी, फास्टॅग. मग 'हँडलिंग चार्जेस' नावाची एक ओळ, ती कशाची विचारल्यावर तो मुलगा कॉम्प्युटरकडे बघायला लागला. खोडली. मॅट-मडफ्लॅपचं पॅकेज, खोडलं. विमा बाहेरून काढला तर चालेल का? चालेल, पण चेहरा पडला. खालच्या मॉडेलात काय काय नाही ते विचारलं आणि त्या यादीनंतर हे आपणहून वरच्या मॉडेलकडे सरकले. तिथे रस्त्यावर येईपर्यंत पाच लाख ओलांडतात.

घरी येऊन मांडलं. वॅगनआर नवी, सगळं धरून सहाच्या आसपास, म्हणजे तीन लाख कर्ज. साडेनऊ टक्के, पाच वर्षं: महिना ६,३००. व्याजच अठ्ठ्याहत्तर हजार. मोठ्या मुलीची अकरावी आहे, दोन वर्षांनी कुठे ॲडमिशन घेईल देव जाणे. नवी गाडी चांगली, यात वाद नाही. अल्टोलासुद्धा आता सहा एअरबॅगा आहेत, वॉरंटी आहे, मिस्तरींच्या मागे फिरायला नको. ज्याच्या घरात दरमहा सहा हजार सुटे आहेत त्याने नवीच घ्यावी, मी सही करून कर्ज देईन. आमच्याकडे ते सुटे नाहीत. हे उशिरापर्यंत मोबाईलवर रंग बघत होते.

२८ सप्टेंबर, रविवार. धुळे

मिस्तरींना घेऊन गेलो. त्यांनी पट्टा ओढला, काचा पाहिल्या, ऑइलचं झाकण, थंड इंजिन, खाली सतरंजी टाकून आत शिरले. मग फागण्यापर्यंत स्वतः चालवली. खड्ड्यात डावीकडून टकटक. "लोअर आर्मचा बुश. मोठं काम नाही." क्लच अजून वीस हजार काढेल म्हणाले. एसी उभ्या गाडीत गार.

बोलणी भिंतीला टेकून, चहाबरोबर. त्यांचे तीन, माझे दोन ऐंशी. टायर आणि बुशचा खर्च मी कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवला. दोन ब्याण्णव. इसार पाच हजार, ऑनलाइन, पावतीसकट. ह्यांना वाटलं मी फार ताणलं. काकूंनी जाताना कुरडया बांधून दिल्या, म्हणजे फार नसावं.

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघितला: बँकेचा बोजा उतरलेला, चलान एक, हेल्मेटचं. चारचाकीवर हेल्मेटचं चलान! त्यांनी कपाळाला हात लावला आणि तक्रार टाकून रद्द करून घेतो म्हणाले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

बाकीचे पैसे बँकेतून. रोख मागत नाहीत याचं बरं वाटलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दोन्ही चाव्या, पिशवीतली बिलं. आपट्याची पानं बॉनेटवर. गाडी त्यांच्या मुलाच्या मित्राने जळगावपर्यंत आणून दिली, कारण माझे मोटार ट्रेनिंगचे तास अजून चालू आहेत आणि ह्यांनी महामार्गावर एकदाही चालवलेली नाही. पाळधीनंतर गिरणेच्या पुलाशी सासूबाई म्हणाल्या, "बसचा आवाज नाही येत तं झोप येते." आणि झोपल्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कागद. गाडी धुळ्याच्या नोंदणीची, पण राज्य एकच, म्हणून कर पुन्हा नाही आणि नंबरही एमएच-१८ च राहणार. भाचा म्हणाला, जळगावात धुळ्याचा नंबर? राहू दे, आमचं गावच आहे ते.

विम्याचं लोक फार उशिरा बघतात. आरसी नावावर होण्याची वाट न बघता चौदा दिवसांत पॉलिसीही आपल्या नावावर करायला अर्ज टाकावा लागतो. नाहीतर गाडी आपली, विमा दुसऱ्याचा, आणि अपघातात आपल्या गाडीचं नुकसान झालं की कंपनी हात वर करणार. आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचा असतो. काकांचा पन्नास टक्के त्यांच्याकडे राहिला, मला फरक भरावा लागला. तेही 'सगळं धरून'मध्ये होतं, विम्याच्या रकान्यात.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

वहीची पूजा करायच्या आधी हिशेब बंद केला. गाडी २,९२,०००. एजंट आणि ट्रान्सफर २,५००. पुढचे दोन टायर ७,२००. बुश, ऑइल, फिल्टर मिळून ४,२००. विम्याचा फरक आणि जानेवारीत संपणाऱ्या पॉलिसीचं नूतनीकरण धरून ९,००० बाजूला. एकूण ३,१४,९००. उरले ५,१००.

हे म्हणाले त्यात स्टिरिओ बसेल. सासूबाई म्हणाल्या त्यात सीटवर टेकायची उशी बसेल आणि उरतीलही. बॅटरीवरची तारीख मी परवाच बघून ठेवलीय, चार वर्षांची आहे. पाच हजार शंभर तिच्या नावावर, असं लिहून खाली रेघ मारली, आणि ह्यांना सही करायला लावली.